कोटवार नसलेला पटवारी

छत्तीसगडातल्या उतईच्या परिसरातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या बी-वनवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, रकब्याच्या (क्षेत्राच्या) रकान्यात ०.८१० असा आकडा आहे, असे धरू. त्याला विचाराल तर तो 'दोन एकर' म्हणेल आणि ते बरोबरच आहे. ०.८१० हेक्टर म्हणजे दोन एकर आणि वर केसभर. छत्तीसगड सरकार २०२३-२४ च्या हंगामापासून एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३१०० रुपये क्विंटलने घेते. त्या हिशेबाने हा माणूस ४२ क्विंटल विकू शकतो, म्हणजे १ लाख ३० हजार २०० रुपयांचा माल. आता हाच तक्ता एखाद्या एआय एजंटच्या हाती द्या. कागदावर छापलेला 'हेक्टेयर' हा शब्द संगणकाच्या फायलीत येईपर्यंत कुठेतरी गळून पडला आहे, रकान्याचे नाव नुसते 'रकबा' उरले आहे आणि सरकारी नियमात 'एकर' लिहिले आहे. एजंट ०.८१ ला २१ ने गुणतो आणि सांगतो, १७ क्विंटल. रुपये सुमारे ५२ हजार ७००. गुणाकार बिनचूक, भाषा नम्र, आणि शेतकऱ्याचे पाऊण लाखाहून जास्त रुपये हवेत.

उतई हे भिलईच्या दक्षिणेकडचे गाव. नगर पंचायत झाली तरी भोवतालचा मुलूख अजून धानाचाच आहे. बाहेरच्यांना हे नाव माहीत असते ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे. भिलईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्याच्या आसऱ्याने विदर्भातून आलेली मराठी घरे सेक्टरांमध्ये स्थिरावली. त्यांतल्या अनेकांनी पुढे आसपासच्या गावांत प्लॉट घेतले, कुणी थोडी शेती घेतली. त्यामुळे दुर्ग जिल्ह्यातल्या मराठी माणसाच्या तोंडी 'सातबारा'ही असतो आणि 'बी-वन, पी-टू'ही. गावाकडच्या जमिनीसाठी पहिला, इथल्यासाठी दुसरा. पी-टू म्हणजे खसरा, एकेका तुकड्याची नोंद. बी-वन म्हणजे खातेदाराच्या नावावरची सगळी जमीन, आपल्याकडच्या आठ-अच्या जवळची. दोन्ही आता 'भुइयाँ' या राज्य सरकारच्या पोर्टलवर मिळतात. च्वाइस सेंटरवर जाऊन "बी-वन निकाल दे भैया" एवढे म्हटले की काम होते.

काम होते, कारण मध्ये 'भैया' बसलेला असतो. त्याला रकबा हेक्टरमध्ये असतो हे माहीत असते. समोरचा 'दो एकड़ दस डिसमिल' म्हणाला तर डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. एकाच नावाची दोन गावे दिसली तर तो विचारतो, "कोणत्या हलक्यातले?", म्हणजे कोणत्या पटवाऱ्याच्या हद्दीतले. यातले काहीही तक्त्यात लिहिलेले नाही. ते त्याच्या डोक्यात आहे. आणि या लेखाचा विषय तेवढाच आहे: जे डोक्यात आहे ते कागदावर उतरवायचे कसे, आणि ते कुणी उतरवायचे.

आधी एजंट म्हणजे काय ते थोडक्यात. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय ही भाषिक प्रारूपे स्वतःहून कुठल्याही तक्त्यात डोकावू शकत नाहीत. त्यांना साधने द्यावी लागतात, ज्यांना संगणकवाले 'टूल' म्हणतात. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या प्रारूपांना अशी टूल्स बोलावण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा खुला करार मांडला, त्यामुळे एकदा बनवलेले टूल हा करार पाळणाऱ्या कुठल्याही एजंटला जोडता येऊ लागले. आपल्या केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयानेही ई-सांख्यिकी पोर्टलसाठी असा दरवाजा प्रायोगिक स्वरूपात उघडला आहे. आता मजा अशी की या टूलच्या आत हजार ओळींचा प्रोग्रॅम असला तरी एजंटला त्यातले काही दिसत नाही. त्याला दिसते फक्त टूलचे नाव, दोनचार वाक्यांचे वर्णन, आणि कोणकोणती माहिती भरून द्यायची त्याची यादी. तेवढ्यावरून त्याने ठरवायचे असते की हे वापरू की ते, आणि यात काय भरू.

नवा पटवारी, म्हणजे इथला तलाठी, हलक्यात आला की त्याची अवस्था काही वेगळी नसते. दप्तर समोर असते, पण अमुक धुऱ्यावरून भांडण आहे, तमुक खाते तीन भावांचे असले तरी वहिवाट एकाचीच आहे, हे त्यात नसते. तो कोटवाराला बोलावतो. इथल्या गावांत कोटवार मुनादी (दवंडी) देतो, शिवार त्याच्या पायाखालचे असते, आणि पटवारी बदलून गेला तरी तो तिथेच राहतो. एजंट हा असा पटवारी आहे की ज्याला कोटवार नाही. त्याहून वाईट म्हणजे तो अडला तरी अडल्यासारखा दिसत नाही. माणूस गोंधळला की डोके खाजवतो, चहाला जातो, कुणाला तरी विचारतो. एजंट अंदाज बांधतो आणि तो अंदाज ठाम वाक्यात सांगतो.

डोक्यातले कागदावर उतरवण्याचा हा प्रश्न नवा नव्हे; या मुलखात मराठी कारकुनाने पूर्वीही दप्तर बसवले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, १७९० च्या दशकात, सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी छत्तीसगडातली कलचुरीकालीन गढांची मांडणी बदलून परगणे पाडले. परगण्यावर कमाविसदार, हिशेबाला फडणवीस, आणि गावांच्या आकारणीसाठी बरारपांडे. ही माणसे मोडीत लिहायची, आणि मोडी दप्तराला स्वतःच्या खाणाखुणा होत्या. आकड्यांच्या पुढच्या उभ्या-आडव्या रेघांवरून आणे-पै ओळखायचे. कुणाला कोणता मायना लिहावा, हिशेब कसा मांडावा हे नव्या कारकुनाला शिकवण्यासाठी 'मेस्तक' नावाच्या पोथ्या मराठीत फिरत असत, त्यांचे कर्तृत्व हेमाडपंतांच्या नावावर सांगितले जाई. म्हणजे तक्ता वेगळा आणि तक्ता वाचायची रीत वेगळी, ती रीतही लिहून ठेवावी लागते, हे आपल्याला फार पूर्वी कळले होते. पुढे मुंबई इलाख्यात अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने महसुली हिशेबांची पुस्तिका तयार केली. गाव नमुना एक ते एकवीस, त्यांतला कुठला रकाना कशावरून भरायचा, त्याचा मेळ कोणत्या नमुन्याशी बसला पाहिजे, सगळे त्यात. जुने तलाठी अजून 'अँडरसन मॅन्युअल'चे नाव आदराने घेतात. माझ्या मते तक्त्यांच्या दस्तऐवजीकरणाचा त्याहून चांगला नमुना आजच्या संगणक कंपन्यांकडेही सहसा दिसत नाही.

सातबाराच घ्या. तो एक तक्ता नव्हेच. वर गाव नमुना सात, हक्कांची नोंद, आणि खाली नमुना बारा, पिकांची. 'भोगवटादार वर्ग' या रकान्यात १ किंवा २ असते. माणसाला कळते की वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. संगणकाला तिथे दोन अंक दिसतात, आणि अंक दिसले की त्यांची सरासरी काढता येते. गावाचा सरासरी भोगवटादार वर्ग १.३! हसू येईल, पण वर्णन दिले नाही तर असे उत्तर येऊ शकते, आणि ते दशांशासकट असल्यामुळे लोकांना शास्त्रीय वाटेल.

कंसाचे प्रकरण याहून गंभीर आहे. हाताने लिहिलेल्या सातबारावर फेरफार मंजूर झाला की जुन्या नावाला कंस करत. कंस म्हणजे हे नाव आता गेले. ही रीत कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, पण खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक असते, "आमच्या नावाला कंस केला हो" असे ती रडत सांगते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सातबाराचा नमुना सुधारला तेव्हा कमी झालेल्या नोंदी आडवी रेघ मारून दाखवायची सोय झाली. डोळ्यांना ती उत्तम आहे. पण तक्ता साध्या फायलीत उतरवला की रेघ उतरत नाही, नाव उतरते. जमीन विकून गेलेला माणूस पुन्हा मालकांच्या यादीत येऊन बसतो. तिथे 'चालू की रद्द' असा वेगळा रकाना हवा आणि वर्णनात स्पष्ट वाक्य हवे की रद्द नोंदी मालकी ठरवताना धरू नयेत.

त्याच सुधारणेतल्या दोन गोष्टींचे मला कौतुक वाटते. शेतीच्या क्षेत्रासाठी हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीसाठी आर-चौरस मीटर असे एकक नमुन्यावरच छापायचे ठरले. आणि जमीन बिनशेती झाली असेल तर नमुना बारा नुसता कोरा न ठेवता, या क्षेत्राला नमुना बाराची गरज नाही, अशी सूचना तिथे येऊ लागली. कोरेपणाचे कारण तक्त्यानेच सांगायचे! ज्याने कुणी हे सुचवले त्याने तलाठ्याच्या टेबलासमोर तासनतास काढले असणार. कारण रिकामा रकाना चार तऱ्हेने रिकामा असतो: माहितीच घेतली नाही, घेतली पण चढवली नाही, लागूच नाही, किंवा खरोखर शून्य आहे. छत्तीसगडात गिरदावरीत, म्हणजे पीक पाहणीत, धानाचा रकबा चढला नाही तर सोसायटीत धान विकताना अडचण येते. पिकाचा रकाना कोरा दिसला आणि एजंटने 'जमीन पडीक' असा निष्कर्ष काढला, तर ज्याच्या खळ्यात धानाची रास आहे त्याला तो काय सल्ला देईल?

आणखी एक खड्डा क्रमांकांचा. खसऱ्याचे बटांकन होऊन, म्हणजे तुकडे पडून, १२/३ असा क्रमांक पडतो. तो एक्सेलमध्ये टाका, बारा मार्च होतो. हे केवळ पटवाऱ्याचे दुखणे नाही. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये 'मार्च१' हे नाव बदलून 'मार्चएफ१' केले, 'सेप्ट१'चे 'सेप्टिन१' केले, कारण शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होते. जनुकांची नावे बदलता आली. दुर्ग जिल्ह्यातले खसरे कोण बदलणार? तिथे एकच उपाय, वर्णनात लिहायचे की हा क्रमांक नाव आहे, संख्या नव्हे. जसा आहे तसा मजकूर म्हणून द्यावा. महाराष्ट्रातल्या जुन्या कागदांवरचे '२.१०' हे तर पक्के फसवे. ते दोन एकर दहा गुंठे असेल, तर चाळीस गुंठ्यांच्या एकराने खरे क्षेत्र २.२५ एकर होते. दशांश समजून वाचले की सहा गुंठे गायब, आणि सहा गुंठ्यांवरून आपल्याकडे भावाभावांत बोलणे बंद होते.

भावांवरून सामाईक खाते आठवले. चार नावे, एकच क्षेत्र. सातबारावर नावांखाली 'सामाईक क्षेत्र' लिहून ते एकदाच दाखवतात. तेच संगणकीय तक्त्यात प्रत्येक नावापुढे पुन्हा पुन्हा येते. बेरीज केली की आठ एकरांचे बत्तीस होतात.

वर्णनाने खरेच किती फरक पडतो, याला आकडा आहे. २०२३ मध्ये हाँगकाँग विद्यापीठ आणि अलिबाबाच्या संशोधकांनी इतरांच्या साथीने 'बर्ड' नावाची कसोटी तयार केली. खऱ्याखुऱ्या, धुळीने माखलेल्या ९५ माहितीसंचांवर १२,७५१ प्रश्न. प्रश्न माणसाच्या भाषेत, उत्तर तक्त्यातून काढायचे. रकान्यांमागचे जादा ज्ञान न देता जीपीटी-४ ची अचूकता सुमारे ३५ टक्के आली. हा संकेतांक म्हणजे अमुक, हे प्रमाण असे काढतात, अशा टिपा दिल्यावर तेच प्रारूप सुमारे ५५ टक्क्यांवर गेले. माणसे ९३ टक्क्यांच्या आसपास होती. प्रारूपे त्यानंतर खूप सुधारली, म्हणून हे आकडे आजचे मानू नयेत. पण प्रारूप तेच ठेवून नुसत्या टिपांनी अचूकता वीस टक्केबिंदूंनी वाढावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये असाच अनुभव लिहिला. प्रोग्रॅम दुरुस्त करणारा एजंट बनवताना त्यांचा मूळ सूचनेपेक्षा टूल्सवर जास्त वेळ गेला. एजंट फायलींचे अर्धवट पत्ते देऊन चुकत होता. टूलने पूर्ण पत्ताच मागायचा असे ठरवल्यावर ती चूक थांबली. म्हणजे शहाणपण शिकवत बसण्याऐवजी चुकायची वाटच बंद केली.

तोच धडा उतईला लावला तर खसऱ्याच्या टूलने गावाचे नाव मागूच नये. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला संकेतांक आहे, तो मागावा, आणि नावावरून संकेतांक शोधायला वेगळे छोटे टूल द्यावे. आजकाल टूल्सची वर्णने बहुधा अशी असतात: "खसऱ्याची माहिती मिळवते. आयडी द्या." कुठला आयडी? खात्याचा, खसऱ्याचा, गावाचा, की आधारचा? मी याच टूलसाठी एक मसुदा करून पाहिला, तो असा:

"एका गावातल्या एका खसरा क्रमांकाची चालू नोंद वाचून देते. नोंदीत बदल करत नाही. गावाचा संकेतांक आणि खसरा क्रमांक दोन्ही आवश्यक. संकेतांक माहीत नसेल तर आधी गाव-शोध टूल वापरा. एकापेक्षा जास्त गावे आली तर अंदाज करू नका, वापरणाऱ्याला तहसील विचारा. खसरा क्रमांक मजकूर म्हणून द्या. १२/३ हा भागाकार किंवा तारीख नाही. क्षेत्र हेक्टरमध्ये येते. एकर हवे असतील तर २.४७१ ने गुणा आणि उत्तरात दोन्ही एकके सांगा. क्षेत्र पूर्ण तुकड्याचे आहे, एकेका भागीदाराचे नव्हे. नावांवरून बेरीज करू नका. पिकाचा रकाना कोरा असेल तर त्या हंगामाची गिरदावरी इथे चढलेली नाही एवढेच समजा. एखाद्या माणसाची एकूण जमीन हवी असेल तर हे टूल वापरू नका, खाते टूल वापरा. विक्री, वारसा किंवा वादाबद्दल यातून निष्कर्ष काढू नका. त्यासाठी प्रमाणित नक्कल आणि तहसील कार्यालय."

यातली सर्वांत मोलाची वाक्ये 'नका'ची आहेत. टूल काय करते हे कुणीही लिहितो, बनवणाऱ्याला त्याचा अभिमान असतो. ते कधी वापरू नये हे लिहायला त्याची मर्यादा मान्य करावी लागते, आणि तिथे लेखणी अडते. शेवटचे वाक्य मला विशेष गरजेचे वाटते. महाराष्ट्रातही संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो, कामाला लागतो तो पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा. हा भेद एजंटने सांगितला नाही, तर माणूस बँकेत जाऊन परत येणार.

चूक कळवणाऱ्या संदेशांचीही तीच गत. 'त्रुटी ४०४' असे उत्तर आले की एजंट तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो किंवा हार मानून स्वतःच्या मनाचे काही सांगतो. त्याऐवजी टूलने म्हणावे, "या गावात १२/३ नाही; १२/१ आणि १२/२ आहेत; नवे बटांकन चढायचे बाकी असू शकते." मग एजंट शेतकऱ्याला नेमके विचारू शकतो. आणि अख्ख्या गावाचा खसरा एका दमात ओतणारे टूल तर करूच नये. प्रारूपाच्या समोर एका वेळी मावणारा मजकूर मर्यादित असतो, हजार ओळींत कामाची ओळ हरवते.

याचा अर्थ भरभरून लिहावे असा मुळीच नाही. वर्णनही त्याच मर्यादित जागेत बसते. सरकारी परिपत्रकाच्या थाटात 'उपरोक्त विषयास अनुसरून' सुरू झाले तर मुद्द्यावर येईपर्यंत जागा संपते. आणि जुने झालेले वर्णन नसलेल्या वर्णनापेक्षा घातक, कारण ते विश्वासाने पाळले जाते. धान खरेदीची मर्यादा उद्या बदलली आणि टूलच्या वर्णनात २१ तसेच राहिले, तर एजंट वर्षभर तेच सांगत बसेल. म्हणून बदलणारे आकडे वर्णनात कोंबूच नयेत. ते वेगळ्या तक्त्यात, तारखेसह असावेत.

आज ही वर्णने लिहितो प्रोग्रॅमर. बिचारा बहुधा रायपूर, पुणे किंवा बंगळूरुच्या काचेच्या इमारतीत असतो. गिरदावरी त्याने पाहिलेली नसते, कंस कुणाच्या नावाला का होतो हे त्याला ठाऊक नसते. त्याला दोष नाही. पण ज्यांना ठाऊक आहे त्यांना कुणी विचारत नाही: निवृत्त पटवारी, तलाठी, मंडळ अधिकारी, च्वाइस सेंटर नाहीतर सेतू केंद्र चालवणारी पोरे. ही माणसे इंग्रजीत लिहीत नाहीत म्हणून त्यांचे ज्ञान बाजूला राहते. वास्तविक आजची प्रारूपे मराठी, हिंदी वर्णने नीट वाचतात. रकान्यांचे अर्थ मराठीत लिहिले म्हणून काही बिघडत नाही, मोघम लिहिले की बिघडते.

तेव्हा दोन विनंत्या. महसूल खात्यासाठी, सहकारी सोसायटीसाठी किंवा बँकेसाठी असली टूल्स बनवणाऱ्यांनी वर्णनाचा मसुदा आधी एखाद्या निवृत्त पटवाऱ्याला वाचून दाखवावा, आणि तो जिथे 'पण साहेब' म्हणेल तिथे एक वाक्य वाढवावे. आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी तलाठी सजात, सोसायटीच्या खिडकीवर किंवा कारखान्याच्या टाइम ऑफिसात आयुष्य काढले आहे, त्यांनी आपल्या तक्त्याच्या एकेका रकान्यासमोर चार ओळी लिहून ठेवाव्यात: एकक कोणते, नोंद कुठून येते, आणि रकाना कोरा असेल तर त्याचा अर्थ काय. सुरुवात कोऱ्या रकान्यापासून करावी, चुका सर्वांत जास्त तिथेच होतात.